नाव निराळे, घाव एकच
तणनाशके आणि हिरव्या पानातील एक विकर

सोयाबीनचे पीक पाच आठवड्यांचे झालेले असते. शेतकऱ्याने विसाव्या दिवशी तणनाशक फवारलेले असते. आता तो गावच्या कृषि कार्यकर्त्यास शेतावर नेऊन दाखवितो : बहुतेक तण पिवळे पडून खुरटले आहे, परंतु केना, कुंजरू यांची काही झाडे मधूनमधून हिरवीगार उभी आहेत. "औषध बनावट निघाले," असे तो म्हणतो. दुसऱ्या वर्षी तो दुकानातून निराळ्या नावाचे औषध आणतो आणि पुन्हा तेच घडते. दोन्ही वेळा पैसा गेला. त्याहून वाईट हे की, सोयाबीनला तणापासून जपण्याचे जे पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस, तेही हातचे गेले.

अशा वेळी कार्यकर्त्याने काय उत्तर द्यावे? औषध खरोखरच बनावट होते, फवारणी चुकली होती, की तणच त्या औषधास दाद देईनासे झाले आहे? हे तिन्ही प्रकार वरवर सारखेच दिसतात. त्यांतील भेद ओळखावयाचा तर औषध पानात शिरून नेमके कोठे घाव घालते, हे ठाऊक असले पाहिजे. प्रस्तुत पाठात त्या एका जागेची माहिती दिली आहे.

हरितकणातील जाते

हिरव्या पानाच्या पेशींत हरितकण असतात. सूर्यप्रकाशाच्या साह्याने ते साखर तयार करतात, हे सर्वांस माहीत आहे. परंतु त्यांचे काम तेवढेच नव्हे. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्या ॲमिनो आम्लांपैकी कित्येक हरितकणांतच तयार होतात. ही कामे घडवून आणणाऱ्या विशिष्ट प्रथिनांस विकर अथवा एन्झाइम असे म्हणतात. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. एकाचे काम सहसा दुसऱ्यास साधत नाही.

यांपैकी एका विकराचे नाव ॲसिटोलॅक्टेट सिंथेज असे आहे. व्हॅलिन, ल्यूसिन व आयसोल्यूसिन ही तीन ॲमिनो आम्ले बनविण्याच्या कामाचा आरंभ हे विकर करते. माणसाच्या व जनावरांच्या शरीरात हे विकर नाही. म्हणून ही तीन आम्ले आपणांस डाळ, दूध, धान्य यांतून घ्यावी लागतात. वनस्पतीस मात्र ती स्वतःच तयार करावी लागतात.

हे विकर म्हणजे घरचे जाते समजा. जात्याच्या वरच्या तळीला तोंड असते. त्यातून दाणे आत पडतात आणि काम चालते. विकरालाही असाच एक अरुंद मार्ग असून त्यातून कच्चा माल आत जातो. फरक इतकाच की, येथे दळण होत नाही, तर लहान रेणूंची जोडणी होते. आता जात्याच्या तोंडात कोणी बोळा कोंबला तर काय होईल? जाते धड आहे, सुपात दाणे आहेत, तरी पीठ पडणार नाही. सोयाबीनमध्ये वापरले जाणारे इमाझेथापायर हे तणनाशक तणाच्या पानात नेमके हेच करते.

जाते बंद पडताच घरातले पीठ त्याच दिवशी संपत नाही. तणाचेही तसेच आहे. फवारणीनंतर त्याची वाढ लवकरच थांबते. परंतु शिल्लक साठ्यावर ते काही दिवस तग धरते. जेथे नवी वाढ चालू असते तो शेंडा प्रथम पिवळा किंवा तांबूस पडतो आणि झाड पुरते मरण्यास दोन ते तीन आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून आठव्या दिवशी तण उभे दिसले तर घाईने दुसरी फवारणी करू नये.

जंतूकडून करविलेले वनस्पतीचे विकर

बोळा तोंडातच बसतो, हे कळले कसे? पानातून हे विकर काढून तपासणे कठीण असते. कारण पानात त्याचे प्रमाण फार अल्प असते आणि पानाबाहेर काढल्यावर ते लवकर निकामी होते. म्हणून शास्त्रज्ञांनी निराळी युक्ती योजिली.

या विकराचा नमुना ज्या जनुकात लिहिलेला असतो ते जनुक हरितकणात नसून पेशीच्या केंद्रात असते. केंद्रातील आज्ञेप्रमाणे प्रथिन हरितकणाच्या बाहेर तयार होते. त्याच्या पुढच्या टोकाला पत्त्याच्या चिठ्ठीसारखा एक तुकडा जोडलेला असतो. ती चिठ्ठी पाहून हरितकण त्यास आत घेतो आणि नंतर चिठ्ठी छाटून टाकतो. प्रयोगशाळेत हे जनुक वनस्पतीतून घेतात, चिठ्ठीचा भाग वगळतात आणि ते आतड्यात राहणाऱ्या इ. कोलाय या जंतूच्या निरुपद्रवी वाणात घालतात. जंतूमध्ये हरितकण नसल्याने चिठ्ठीची गरजच उरत नाही. पोषक द्रवात जंतू भराभर वाढतात आणि आपल्या प्रथिनांबरोबर वनस्पतीचे विकरही तयार करतात. मग जंतू फोडून ते विकर निराळे काढून शुद्ध करतात. अशा रीतीने केलेल्या विकरास पुनर्संयोजित विकर म्हणतात. हे शेतात वापरावयाचे औषध नव्हे. ते केवळ संशोधनाचे साधन आहे.

वनस्पतीचे ॲसिटोलॅक्टेट सिंथेज इ. कोलाय जंतूत कार्यक्षम स्वरूपात तयार झाल्याचे १९८९ साली प्रसिद्ध झाले. पुढे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातील अरेबिडॉप्सिस या लहान वनस्पतीचे विकर याच पद्धतीने मिळविले, त्याचे स्फटिक केले आणि क्ष-किरणांच्या साह्याने त्याची घडण पाहिली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात, तणनाशक विकरात अडकलेले असताना कसे दिसते, हे उघड झाले. तणनाशक कच्च्या मालाच्या जागी बसत नाही. तेथे पोहोचण्याचा मार्गच ते अडविते.

याच कामातून दुसरी एक गोष्ट कळली आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. सल्फोनिलयुरिया वर्गातील पाच औषधे आणि इमाझेथापायरचे भावंड असलेले इमाझाक्विन यांची तुलना केली, तेव्हा मार्गाच्या भिंतीतील दहा ॲमिनो आम्ले दोन्ही वर्गांच्या औषधांना धरून ठेवतात, असे आढळले. आणखी सहा फक्त सल्फोनिलयुरियास, तर दोन फक्त इमाझाक्विनास धरतात. म्हणजे बोळे निराळ्या कापडाचे असले तरी ते एकाच तोंडात, बव्हंशी त्याच जागी बसतात.

तण दाद देईनासे का होते

जात्याच्या तोंडाची एखादी कड थोडी झिजली, तर पूर्वीचा बोळा तेथे घट्ट बसत नाही; दाणे मात्र पूर्वीसारखेच आत पडतात. विकराच्या भिंतीतील एकच ॲमिनो आम्ल बदलले तरी असेच घडू शकते. अरेबिडॉप्सिसच्या विकरातील क्रमाप्रमाणे १९७ व्या जागी बदल झाला तर मुख्यतः सल्फोनिलयुरिया औषधे निकामी ठरतात. ५७४ व्या जागचे ट्रिप्टोफॅन जाऊन तेथे ल्यूसिन आले, तर या गटातील बहुतेक सर्वच औषधे व्यर्थ होतात.

असा बदल तणनाशकामुळे घडतो, असे समजू नये. लक्षावधी झाडांत असे एखादे झाड निसर्गतःच असते. तणनाशक इतर सर्व झाडे मारते आणि त्या एकास मोकळे रान देते. समजा, शेतात असे एकच झाड वाचले आणि त्याने हजार बिया टाकल्या. पुढील वर्षी त्याच गटाचे औषध फवारले तर त्या हजारांतून उगवलेली झाडे वाचतील. तिसऱ्या वर्षी तो कोपरा तणाने भरलेला दिसेल. शेतकऱ्यास वाटते की तण यंदाच आले. वास्तविक त्याची पेरणी दोन वर्षांपूर्वीच झालेली असते.

हा केवळ तर्क नव्हे. क्लोरसल्फ्युरॉन हे या गटातील औषध अमेरिकेत १९८२ साली विक्रीस आले. १९८७ साली आयडाहो राज्यातील गव्हाच्या शेतात त्यास दाद न देणारे रानटी सालादवर्गीय तण सापडले. आज जगात दीडशेहून अधिक जातींच्या तणांत या गटाविरुद्ध प्रतिकारशक्ती आढळली आहे. इतर कोणत्याही गटाविरुद्ध इतक्या जातींत ती आढळलेली नाही. आपल्या देशात हरियाणातील गव्हामधील गुल्ली डंडा अथवा मंडूसी हे तण आयसोप्रोट्युरॉन या औषधास १९९० च्या सुमारास जुमानेनासे झाले. हे औषध निराळ्या गटाचे होते. त्यावर उपाय म्हणून सल्फोसल्फ्युरॉन व इतर औषधे आली; पण त्यांचाच वापर सारखा चालू राहिला, तेव्हा त्यांनाही न जुमानणारे मंडूसी काही वर्षांतच आढळू लागले.

प्रतिकाराचा आणखी एक प्रकार आहे. काही तणांत जाते तेच राहते. पण तण औषध पानातच मोडून टाकते. सोयाबीन इमाझेथापायरने मरत नाही, त्याचे कारणही हेच आहे. अशा तणावर कधी कधी दुसऱ्या गटाचे औषधही नीट चालत नाही. म्हणून केवळ औषधांच्या अदलाबदलीवर भिस्त ठेवणे धोक्याचे होय.

एकच घाव घालणारी औषधे ओळखावी कशी

वेष्टनावर औषधाचा गट छापलेला असेलच असे नाही. म्हणून व्यापारी नाव बाजूस ठेवून बारीक अक्षरांतील रासायनिक नाव वाचावे. ओळखण्याची सोपी खूण अशी : ज्याच्या नावात "सल्फ्युरॉन" येते, किंवा ज्याचे नाव "इमाझे" अथवा "इमाझा" या अक्षरांनी सुरू होते, ते औषध याच विकरावर घाव घालणारे समजावे. त्याखेरीज डायक्लोसुलाम, पेनॉक्ससुलाम व बिसपायरिबॅक सोडियम ही नावे लक्षात ठेवावीत. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या सर्वांचा गट क्रमांक २ आहे. पीकवार पाहता :

सोयाबीन : डायक्लोसुलाम, क्लोरिम्युरॉन, इमाझेथापायर, इमाझामॉक्स.
गहू : मेटसल्फ्युरॉन, सल्फोसल्फ्युरॉन.
भात : बिसपायरिबॅक सोडियम, पायराझोसल्फ्युरॉन, पेनॉक्ससुलाम, मेटसल्फ्युरॉन, क्लोरिम्युरॉन. (क्लोरिम्युरॉनच्या नावाचा शेवट निराळा असला तरी ते सल्फोनिलयुरियाच होय.)

आता एका शेताचा हिशेब पाहा. पेरणीनंतर लगेच डायक्लोसुलाम, विसाव्या दिवशी इमाझेथापायर आणि रब्बीत त्याच रानातील गव्हावर मेटसल्फ्युरॉन. शेतकऱ्यास वाटते, आपण तीन औषधे वापरली. वास्तविक त्याने एकाच वर्षात तीन वेळा एकाच जात्याच्या तोंडात बोळा घातला.

एका डब्यात दोन औषधे असली म्हणजेही निश्चिंत होऊ नये. इमाझेथापायर व इमाझामॉक्स यांचे तयार मिश्रण, किंवा सल्फोसल्फ्युरॉन व मेटसल्फ्युरॉन यांचे मिश्रण, यांत नावे दोन असली तरी घाव एकच आहे. प्रोपाक्विझाफॉप व इमाझेथापायर यांच्या मिश्रणात गट खरोखर दोन आहेत. परंतु प्रोपाक्विझाफॉप केवळ गवतवर्गीय तणांस मारते. केना किंवा कुंजरू यांच्या बाबतीत त्या मिश्रणातील एकटे इमाझेथापायरच काम करीत असते.

प्रथम आपली चूक तपासावी

तण वाचले की लगेच प्रतिकारशक्तीचा निष्कर्ष काढू नये. पुढील गोष्टी आधी विचारून घ्याव्यात.

१. तण दोन ते चार पानांवर असताना फवारणी झाली, की ते वीतभर वाढल्यावर?
२. मात्रा बरोबर होती काय? सोयाबीनमध्ये इमाझेथापायर १० टक्के द्रव हेक्टरी १ लिटर, म्हणजे एकरी ४०० मिलिलिटर, वापरावयाचे असते. यात मूळ औषध १०० ग्रॅम. ते १०,००० चौरस मीटरवर पसरले म्हणजे दर चौरस मीटरला अवघे १० मिलिग्रॅम येते. मोजमापातील थोड्या चुकीनेही केवढा फरक पडेल, हे यावरून दिसेल.
३. पाणी हेक्टरी ५०० ते ६०० लिटर वापरले काय? ते स्वच्छ होते काय? जमिनीत ओल होती काय?
४. फवारणीनंतर लवकरच पाऊस आला काय?
५. वाचलेले तण जुने आहे, की फवारणीनंतर नव्याने उगवलेले आहे?

वाचलेले तण शेतात कसे दिसते, हेही पाहावे. चुकलेली फवारणी सहसा पट्ट्यांत दिसते आणि तेथे अनेक जातींचे तण वाचते. प्रतिकारक तण बहुधा एकाच जातीचे असते. त्याच जातीचे मेलेले झाड शेजारी असूनही ते टवटवीत उभे राहते आणि दर वर्षी त्याची जागा विस्तारत जाते.

कुंडीतील परीक्षा

संशय राहिल्यास गावातच एक साधी परीक्षा करता येते. वाचलेल्या तणाचे पिकलेले बी कागदी पिशवीत घ्यावे. त्याच जातीचे बी जेथे कधीही तणनाशक पडलेले नाही अशा बांधावरून किंवा माळावरून आणावे. दोन्ही पिशव्यांवर जागा व तारीख लिहून ठेवावी. कित्येक तणांचे ताजे बी लगेच उगवत नाही. म्हणून ते कोरड्या जागी ठेवून पुढील खरिपापूर्वी लावावे. तणनाशक न पडलेली माती भरून दोन्ही प्रकारच्या बियांच्या चार-चार कुंड्या कराव्यात. झाडे दोन ते चार पानांवर आली म्हणजे प्रत्येक प्रकारच्या तीन कुंड्या रांगेत मांडून, शेतात चालतो त्याच चालीने शिफारशीच्या मात्रेत फवारणी करावी. एक-एक कुंडी तशीच ठेवावी. तीन आठवड्यांनी निकाल पाहावा.

दोन्ही प्रकारची झाडे मेली, तर औषध चांगले आहे व तणही साधे आहे. शेतातील फवारणीत चूक झाली. दोन्ही वाचली, तर औषधाचा किंवा मात्रेचा दोष संभवतो. बांधावरची मेली आणि शेतातली वाचली, तर प्रतिकारशक्तीचा संशय बळावतो. अशा वेळी बी व नोंदी घेऊन कृषि विज्ञान केंद्राकडे अथवा कृषि विद्यापीठाकडे जावे. परीक्षा संपताच कुंड्यांतील झाडे फुलण्यापूर्वी उपटून नष्ट करावीत.

काय करावे

पहिली गोष्ट, फवारणीनंतर वाचलेले झाड बी धरण्यापूर्वी उपटावे. शंभर झाडे उपटण्यास एका माणसास फारसा वेळ लागत नाही. त्यांचे बी सांडल्यावर मात्र ते काम वर्षानुवर्षे पुरते. कोळपणी, डवरणी व खुरपणी यांस तणाचा प्रतिकार होऊ शकत नाही. तेव्हा औषध फवारले तरी एक कोळपणी सोडू नये.

दुसरी गोष्ट, त्याच रानात त्याच वर्षी हा गट पुन्हा वापरणे शक्य तो टाळावे आणि पुढील वर्षी निराळ्या गटाची, आपल्या पिकासाठी शिफारस असलेली औषधे निवडावीत. सोयाबीनमध्ये उगवणीपूर्वी पेंडिमेथॅलिन, तर उगवणीनंतर गवतासाठी क्विझालोफॉप आणि रुंद पानांच्या तणासाठी फोमेसाफेन असलेले मिश्रण, हे निराळ्या गटांतील पर्याय होत. मात्रा व वेळ वेष्टनावरील सूचनेप्रमाणेच ठेवावी. मात्रा मनाने वाढविल्यास पिकास इजा होते. कमी केल्यास अर्धवट प्रतिकारक तण वाचते.

तिसरी गोष्ट, पिकांची फेरपालट करावी. इमाझेथापायरचा अंश जमिनीत काही महिने राहू शकतो. मोहरी व बीट ही पिके त्यास फार नाजूक आहेत. म्हणून फेरपालट ठरविताना वेष्टनावरील पुढच्या पिकाविषयीची सूचना वाचावी.

चौथी गोष्ट, नोंद ठेवावी. पीक, तारीख, रासायनिक नाव, मात्रा व वाचलेले तण एवढ्या पाच गोष्टी एका वहीत लिहिल्या, तरी तीन वर्षांनी ती वही कोणत्याही दुकानदारापेक्षा चांगला सल्ला देईल. खरेदीची पावती वहीतच जपावी. औषध बनावट असल्याची तक्रार करावयाची तर तीच कामास येते.

माणसाच्या शरीरात हे विकर नाही, म्हणून औषध हाताळताना निष्काळजी राहावे, असा अर्थ कोणी काढू नये. डब्यात इतरही द्रव्ये असतात. हातमोजे, तोंडावर फडके व पूर्ण अंगभर कपडे हे नियम पाळलेच पाहिजेत.

सभेत विचारावयाचे प्रश्न

१. गेल्या दोन वर्षांत आपल्या शेतात वापरलेल्या तणनाशकांची रासायनिक नावे सांगा. त्यांतील किती एकाच गटाची आहेत?
२. फवारणीनंतर आठव्या दिवशी तण उभे दिसले, तर दुसरी फवारणी का करू नये?
३. शेतात वाचलेले तण पट्ट्यात आहे की एकाच जातीचे ठिपक्या-ठिपक्यांनी आहे? त्यावरून काय समजावे?
४. वाचलेले एक झाड बी धरेपर्यंत राहू दिले, तर तिसऱ्या वर्षी काय होईल?

या प्रश्नांची उत्तरे शेतकऱ्यांनी आपापल्या शेताच्या नावाने द्यावीत. दुकानात जाण्यापूर्वी पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या वहीत लिहिलेले असेल, त्याचा पुढचा डबा वाया जाण्याचा संभव बराच कमी होईल.